जर्मेनियम, जर्मन रीड आणि आपले कान

हार्मोनियम वाजवणाऱ्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, चांगली पेटी कोणती? उत्तर ठरलेले असते, ‘जर्मन रीडची’. फार तर ‘पॅरिस रीडची’. पालिताण्याच्या रीडचे नाव काढले की नाक मुरडले जाते. ती पेटी उघडून आत कोणत्या रीड आहेत हे कुणी पाहिले, असे मात्र विचारायचे नसते. हीच श्रद्धा आता आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या मुलांमध्ये नव्या रूपात आली आहे. खरा आवाज जर्मेनियमचाच, असे त्यांच्यातले जाणकार सांगतात. जर्मेनियम हे मूलद्रव्य १८८६ मध्ये क्लेमेन्स विंकलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने शोधले आणि त्याला आपल्या देशाचे नाव दिले. म्हणजे फिरून जर्मनीच!

हे जर्मेनियम असते पेडलमध्ये. पेडल म्हणजे गिटार आणि अॅम्प्लिफायर यांच्यामध्ये, वादकाच्या पायाशी ठेवलेली डबी. पायाने दाबली की आवाज फाटतो, घुमतो किंवा मागून पडसाद येतो. यातला ‘फझ’ नावाचा फाटका आवाज लोकप्रिय झाला तो एका बिघाडातून. नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्सच्या ‘डोन्ट वरी’ या १९६१ मध्ये गाजलेल्या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना मिक्सरमधला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचे वादन चिरकत, गुरगुरत उमटले. ते तसेच ठेवले गेले आणि लोकांना आवडले. आमच्याकडे भर नाटकात असे झाले असते, तर माइकवाल्याची काही खैर नव्हती.

जुन्या पेडलांच्या कथा ऐकाव्या तितक्या थोड्या. त्यातली एक मात्र खरी आहे, आणि ती आमच्या जिल्ह्यांना फार लागू पडते. लंडनमध्ये १९६६ साली ‘फझ फेस’ नावाचे गोल पेडल आले. त्यात जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते. या ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह कायम गळतो आणि तापमान दर दहा अंशांनी वाढले की ही गळती साधारण दुप्पट होते. डिसेंबरच्या रात्री वडसा-देसाईगंजला १२ अंश असते, तर मे महिन्यात चंद्रपूरला ४५. एवढ्या फरकात गळती जवळपास दहापट होते. थंडीत गोड वाजणारे पेडल उन्हाळ्यात घसा बसल्यासारखे वाजले, तर त्यात भुताटकी नाही. अशा पेडलसाठी चंद्रपूरचा मे ही जगातली बहुधा सर्वांत वाईट जागा असावी. (डॉक्टरांसाठीही ती फारशी चांगली नाही.)

दुसरी कथा ४५५८ या आयसीची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आलेल्या ‘ट्यूब स्क्रीमर’ पेडलमध्ये ही चिप होती. आता तीच जुनी चिप मिळावी म्हणून लोक भरमसाट पैसे मोजतात. खरे तर ४५५८ आपल्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांच्या रोजच्या वापरातली. बास-ट्रेबलच्या साध्या पट्टीवरही ती असते आणि काही रुपयांत मिळते. तिसरी कथा बॅटरीची. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पेडल ‘गोड’ वाजते म्हणतात. फझच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे, कारण व्होल्टेज उतरले की आवाज लवकर फाटतो. डिजिटल पेडल मात्र गोड वगैरे काही होत नाही, सरळ बंद पडते.

मग इतक्या लोकांना फरक ऐकू येतो तो कसा? ते खोटे बोलत नाहीत. आपण नुसत्या कानाने ऐकत नाही, मेंदूने ऐकतो. मेंदूला किंमत, रंग, वय सगळे ठाऊक असते. शिवाय दोन आवाजांत जो किंचित मोठा असतो, तो आपल्याला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दुकानात नवे पेडल मोहात पाडते ते बहुतेक यामुळेच. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २१ अनुभवी व्हायोलिनवादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यांचे गॉगल चढवून त्यांच्या हाती जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिन दिली गेली. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हेरियसला, आणि सर्वाधिक एका नव्या वाद्याला. घरी करून पाहायचे असेल तर दोन्ही पेडलांचा आवाज आधी सारखा करा, डोळे मिटा आणि मित्राला मनाला येईल तसे पेडल बदलायला सांगा. वीसदा ओळखा. मैत्री टिकली तर निकाल कळवा.

इथवर सगळे गमतीचे. पण माझ्याकडे येणारे काही वादक म्हणतात, ‘‘डॉक्टरसाहेब, आवाजातला तो चटका गेला जी.’’ पेडल बदलले, तारा बदलल्या, ट्रेबल पूर्ण वाढवला, तरी चटका येत नाही. कानाची तपासणी, म्हणजे ऑडिओमेट्री केली की आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. मोठ्या आवाजाने बिघडणारा कान पहिल्यांदा तिथेच मार खातो, आणि गिटारच्या आवाजाची धारही त्याच भागात असते. पेडल ठीक असते. एका कानात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही, आणि तिचा जुना सुटा भाग कुठल्याच बाजारात मिळत नाही.

हिशेब साधा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास सहन करता येतो. दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, १०० ला जेमतेम १५ मिनिटे. पत्र्याच्या खोलीत ड्रम आणि अॅम्प्लिफायर लावून तालीम केली की १०० सहज गाठले जाते. झाडीपट्टीच्या नाटकात वादक रात्री दहापासून पहाटेपर्यंत स्पीकरजवळ बसतात, तेही दिवाळीपासून पुढे महिनोन्‌महिने. आणि आमच्याकडचे पुष्कळ कलावंत दिवसा कोळशाच्या खाणीत, वीज केंद्रात नाही तर बल्लारपूरच्या कागद कारखान्यात असतात. डंपरचा आवाज आणि ढोलकीचा आवाज कान वेगवेगळ्या वहीत लिहीत नाही. दोन्हींची बेरीज होते.

जुन्या पेडलवर महिन्याचा पगार घालणाऱ्याने फोमचे बोळे घेतले नाहीत, याचे मला नेहमी नवल वाटते. दोन कप चहाच्या पैशांत जोडी येते. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढायची, आत सारायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. कापूस उपयोगाचा नाही. स्पीकरच्या तोंडासमोरून बाजूला सरका, मध्यंतरात मंडपाबाहेर जा. कार्यक्रमानंतर कानात कुईऽ वाजत असेल तर त्या दिवशीचा डोस जास्त झाला, असे समजा. चोवीस तासांनंतरही ते थांबले नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी या, कारण त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच चांगले लागू पडते. आणि येण्याआधी कानात गरम तेल घालू नका. त्याने केसपेशी जाग्या होत नाहीत, आम्हाला पडदा तेवढा दिसेनासा होतो.