सुट्ट्यांमधली चांदणी

अंबरनाथ स्टेशनबाहेर शेअर रिक्षावाल्याने परत दिलेलं नाणं खिशात टाकण्याआधी सालाखाली नजर टाका. हिऱ्यासारखी बारीक चौकट असेल तर नाणं बहुधा मुंबईच्या टाकसाळीतलं. चांदणी हैदराबादची, गोल ठिपका नोएडाचा. कोलकाता मात्र काहीच खूण करत नाही!

आता फ्रिजवरचं चुंबक आणा. नव्वदच्या दशकातलं अकरा कोनांचं दोन रुपयांचं नाणं त्याला दाद देत नाही. त्यात 75 टक्के तांबं आणि 25 टक्के निकेल असतं. गंमत म्हणजे निव्वळ निकेल चुंबकाला चिकटतं. पण तिप्पट तांब्यात मिसळलं की घरातल्या तापमानाला त्याचा हा गुण हरपतो. नंतरची स्टीलची दोनची नाणी पटकन चिकटतात.

मग जुन्या नाण्याचे लाख रुपये? वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या नाण्याला लाखो मिळतात, असे मेसेज उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत फिरतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सावध केलं होतं: असल्या व्यवहारांसाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. आधी ‘नोंदणी फी’ मागणारा ठगच समजा.

नुसत्या वयाला भाव नसतो. 25 पैसे 30 जून 2011 पासून चलनातून गेले, पण डबे भरून उरलेत. संग्राहक शोधतो ती टाकसाळीतली चूक, म्हणजे सरकलेला ठसा किंवा दोन्हीकडे एकच बाजू. आणि असं काही सापडलंच, तर चिंचेने घासू नका. चकाकी येते, भाव जातो.