रिमिक्स : ठेका नवा, नाव कुणाचे?

लग्नाची वरात असो वा गणेशोत्सवाची मिरवणूक, जुन्या गाण्यावर नवा ठेका चढवून ते वाजविण्याची रीत आता इतकी रुळली आहे, की मूळ गाणे कोणाचे हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ‘रिमिक्स’ या एका शब्दाखाली प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या गोष्टी खपून जातात. मूळ ध्वनिमुद्रणातील आवाज आणि वाद्ये सुटी करून त्यांची नव्याने जुळणी करणे, हे खरे रिमिक्स. जुने गाणे दुसऱ्या गायकाकडून पुन्हा गाऊन घेणे, ही कव्हर आवृत्ती. आणि एखाद्या ध्वनिमुद्रणातील तुकडा उचलून तो वेगळ्याच गाण्यात बसविणे, हे सॅम्पलिंग. तिन्हींत मूळ कलावंतांचे हक्क सारखे नसतात. म्हणूनच हा भेद महत्त्वाचा.

नृत्यगृहातून अल्बमकडे

१९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांमध्ये तीन मिनिटांचे गाणे नाचणाऱ्यांना अपुरे पडू लागले. टॉम मोल्टन याच्यासारख्या तंत्रज्ञांनी तालाचे भाग लांबवून गाण्यांची जुळणी बदलली. बारा इंची तबकडीवर खाचांना अधिक जागा मिळे, त्यामुळे खर्ज अधिक ठळक उमटे. अशा तबकड्यांवरील गाणी एकत्र करून अल्बम काढण्याची कल्पना पुढच्या दशकात रुजली. ब्रिटनच्या ‘ह्यूमन लीग’ या गटाच्या गाण्यांची निर्माता मार्टिन रशंट याने केलेली नवी जुळणी १९८२ मध्ये ‘लव्ह अँड डान्सिंग’ या नावाने आली. १९८६ मध्ये ‘पेट शॉप बॉइज’ या जोडगोळीने ‘डिस्को’ हा सहा रिमिक्स गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला.

या दोन्ही संग्रहांत गाणी त्या त्या गटाचीच होती. गाणे कोणाचे, याविषयी संभ्रमाला जागाच नव्हती. जुळणी दुसऱ्याने केली असेल, तर त्याचे नावही लपविलेले नव्हते. ‘डिस्को’मधील जुळणी करणाऱ्यांत शेप पेटिबोन आणि आर्थर बेकर ही त्या क्षेत्रातील नामवंत मंडळी होती.

आपल्याकडची उलटी वाट

भारतात रिमिक्सची लाट आली ती प्रामुख्याने दुसऱ्यांच्या जुन्या गाण्यांवर. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील एका तरतुदीचा तिला मोठा आधार होता. मूळ ध्वनिमुद्रणाला ठरावीक मुदत उलटून गेली, की मालकाला पूर्वसूचना व निश्चित मानधन देऊन त्या गाण्याचे नवे ध्वनिमुद्रण करता येई. पूर्वी ही मुदत दोन वर्षांची होती. परिणामी लोकप्रिय चाल स्वस्तात हाती लागे, आवाज मात्र नवा असे. लता मंगेशकर यांनी ‘समाधी’ (१९७२) या चित्रपटासाठी गायिलेले, राहुलदेव बर्मन यांनी स्वरबद्ध केलेले ‘काँटा लगा’ २००२ मध्ये रिमिक्स होऊन आले, तेव्हा चर्चा झाली ती चित्रफितीची आणि तीत झळकलेल्या चेहऱ्याची.

त्याच वर्षी अमेरिकेत ‘ट्रूथ हर्ट्स’ या गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे गाजले. त्यात ‘ज्योती’ (१९८१) या चित्रपटातील लताबाईंच्या गाण्याचा मोठा तुकडा परवानगीविना वापरला होता. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि २००३ च्या आरंभी अमेरिकी न्यायालयाने, लाहिरी यांच्या नावाचा उल्लेख केल्याखेरीज तो अल्बम विकण्यास मनाई केली. पैशाचा वाद पुढे चालू शकत होता. नावाचा प्रश्न मात्र न्यायालयाने आधी सोडविला, हे लक्षणीय आहे.

नाव आपणहून राखल्याचे उदाहरणही आहे. ‘कॉर्नरशॉप’ या ब्रिटिश गटाने १९९७ मध्ये ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे आशा भोसले यांना मानवंदना म्हणून केले. नॉर्मन कुक याने केलेले त्याचे रिमिक्स १९९८ मध्ये ब्रिटनच्या क्रमवारीत पहिल्या स्थानी गेले. ठेका बदलला, वेग वाढला; आशाबाईंचे नाव शीर्षकात तसेच राहिले.

चाल बदलते, मुद्रा टिकते

चाल बदलणे मराठी कानाला मुळीच नवे नाही. बीड जिल्ह्यातील नारायणगड हे ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाणारे, संत नगद नारायण महाराजांचे स्थान. अशा वारकरी क्षेत्रांच्या परंपरेत एकच अभंग निरनिराळ्या चालींत गायिला जातो. कीर्तनकार त्यात स्वतःची भर घालतो, टाळकरी लय वाढवितात. मात्र अखेरच्या चरणातील ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा कोणी गाळीत नाही. रचनाकाराचे नाव रचनेतच विणलेले असल्याने ते चालीबरोबर पुसले जात नाही. चित्रपटगीताला हे कवच नाही. त्याचे गीतकार, संगीतकार, गायक वेष्टनावर असतात. वेष्टन बदलले, की नावेही जातात.

कायदा काय सांगतो?

२०१२ च्या दुरुस्तीने हे कवच काही प्रमाणात देण्याचा प्रयत्न केला. कव्हर आवृत्तीसाठीची मुदत पाच वर्षे झाली. प्रत्येक गाण्यासाठी दरवर्षी किमान ५० हजार प्रतींचे मानधन द्यावे लागते. तांत्रिकदृष्ट्या अपरिहार्य असल्याशिवाय शब्दांत वा संगीतात परवानगीविना बदल करता येत नाही. गायक-वादकांना आपले नाव जोडले जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा निर्मात्याला कायमचा लिहून घेता येणार नाही, अशीही तरतूद झाली.

यात एक विरोधाभास मात्र आहे. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून कव्हर आवृत्तीच्या वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा छायाचित्र छापण्यास कायद्यानेच मनाई आहे. हेतू रास्त आहे, पण त्यामुळे पहिल्या आवाजाची ओळख त्या वेष्टनावर उरत नाही.

मूळ कर्त्यांनाच सोबत घेतले, तर हा पेच उद्भवत नाही. ‘सैराट’ (२०१६) मधील ‘झिंगाट’ हिंदी ‘धडक’ (२०१८) मध्ये आले, तेव्हा संगीत अजय-अतुल यांचेच होते. आज गाणी वेष्टनाशिवाय, मोबाइलवर ऐकली जातात आणि नावे पडद्यावरील चार ओळींत सामावतात. त्या चार ओळी भरण्यास खर्च फारसा येत नाही. जुन्या गाण्यावर नवा ठेका चढविणाऱ्याने एवढे ऋण तरी फेडावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.