वादळानंतरची मदत : हेक्टर मोजायचे की झाडे?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि काही तासांतच श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा या भागांतील नारळ-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे झाले, याद्या तयार झाल्या. मदतीचा हिशेब समोर आला तेव्हा बागायतदारांना कळले, की शासन क्षेत्र मोजत होते आणि त्यांचे नुकसान झाडांत होते.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या त्या वेळच्या निकषांनुसार बहुवार्षिक पिकांसाठी हेक्टरी १८,००० रुपये आणि कमाल दोन हेक्टरांपर्यंत मदत मिळत असे. महाराष्ट्र शासनाने आपल्या निधीतून भर घालून हा दर हेक्टरी ५०,००० रुपयांवर नेला. वाढ मोठीच होती, परंतु कोकणातली वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यांत असते. दहा गुंठ्यांच्या वाडीला जुन्या दराने साधारण १,८०० आणि वाढीव दराने ५,००० रुपये येतात. पडलेले माड तोडून वाडी मोकळी करण्याच्या मजुरीलाही ही रक्कम अपुरी पडावी.

पुढे शासनाने नारळासाठी प्रति झाड २५० आणि सुपारीसाठी प्रति झाड ५० रुपये असा दर ठरविला. त्याच दहा गुंठ्यांत १८ माड आणि त्यांच्यामध्ये १०० पोफळी असतील, तर सर्व झाडे गेल्यास हिशेब ९,५०० रुपयांवर जातो. जमीन तीच आणि वादळही तेच, केवळ मोजण्याचे एकक बदलल्याने रक्कम जवळजवळ दुप्पट झाली. मे २०२१ मधील तौक्ते वादळानंतरही हेच झाडनिहाय दर कायम राहिले. तमिळनाडूने २०१८ च्या गज वादळानंतर हा मार्ग आधीच स्वीकारला होता. तंजावर, पुदुक्कोट्टै भागांतील नारळ बागायतदारांना प्रति झाड ६०० रुपये आणि झाड कापून हलविण्यासाठी आणखी ५०० रुपये जाहीर झाले होते. हेक्टरी १७५ झाडे धरल्यास ही मदत १,९२,५०० रुपये होते. तोडणीचा खर्च स्वतंत्रपणे धरणे ही त्यातली विशेष लक्षात घेण्याजोगी बाब.

या तफावतीचे मूळ मदतीच्या नावातच आहे. निकषांत या रकमेला नुकसानभरपाई म्हटलेले नाही, ते निविष्ठा अनुदान आहे. ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेल्या शेतकऱ्याला पुढचा हंगाम उभा करता यावा, बियाणे-खते घेता यावीत, एवढाच तिचा हेतू. भात, सोयाबीन यांसारख्या पिकांना हा विचार लागू पडतो. माड किंवा पोफळ नव्याने लावून फळाला येईपर्यंत मात्र पाच ते आठ वर्षे जातात, आणि ही मधली वर्षे कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठीच्या निकषांत बहुवार्षिक पिकांचा दर हेक्टरी २२,५०० रुपये झाला, किमान मदत २,५०० रुपये ठरली, तरी एकक हेक्टरच राहिले. झाडनिहाय दर हा त्या-त्या वेळी राज्याने घेतलेला निर्णय असतो. तो घेतला गेलाच, तर त्याचा लाभ ज्याच्या झाडांची नोंद आहे त्यालाच सहज मिळतो.

म्हणूनच विस्तार कार्यकर्त्याचे महत्त्वाचे काम वादळापूर्वीचे आहे. अनेक वाड्यांच्या सात-बारावर पीक पाहणीच्या रकान्यात नुसते ‘नारळ’ लिहिलेले असते, कुठे तेही नसते. पडलेल्या झाडांची संख्या मग पंचनाम्याच्या दिवशी चर्चेचा विषय बनते. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणी शेतकऱ्याला स्वतः करता येते. मिश्र पीक, फळझाडांची संख्या, बांधावरची झाडे या नोंदी तिथे दरवर्षी न चुकता झाल्या पाहिजेत. वाडी बारमाही आहे, तिच्यात बदल काय व्हायचा, या समजुतीने ही नोंद मागे पडते आणि नेमकी बागायतदारांचीच नोंद अपुरी राहते.

याहून अवघड प्रश्न सामाईक खात्याचा. आजोबांच्या नावापासून वाढत गेलेल्या सात-बारावर वीस-पंचवीस हिस्सेदार असणे कोकणात नवलाचे नाही. त्यांतले निम्मे मुंबईत, काही परदेशात, आणि वाडीत राबणारा एकटाच. मदत एका खात्यावर जमा करायची तर इतरांचे संमतीपत्र लागते. वादळानंतर वीज, रस्ते, दूरध्वनी बंद असताना ही संमती गोळा करणे म्हणजे दुसरे संकटच. नात्यांत गोडी असते त्या काळात हे कागद करून ठेवलेले बरे. कुळाने किंवा खंडाने कसणाऱ्यांची अडचण याच जातीची आहे. आंध्र प्रदेशाने २०१९ च्या कायद्याने अशा शेतकऱ्यांना, मालकी हक्काला धक्का न लावता, अकरा महिन्यांचे पीक कसणूक हक्कपत्र देण्याची सोय केली. इतर राज्यांनी अभ्यासावी अशी ही तरतूद आहे.

वादळ ओसरल्यावर पंचनाम्याची वाट पाहत झाडे तशीच पडू द्यावीत का, हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो. उत्तर ‘नाही’ असेच आहे. कुजू लागलेल्या माडाच्या खोडात गेंड्या भुंगा वाढतो, आणि मोडक्या, जखमी माडांकडे सोंड्या भुंगा धाव घेतो. महिनाभर पडून राहिलेली खोडे वाचलेल्या झाडांच्याही जिवावर उठतात. स्थान व दिनांक दाखविणारी छायाचित्रे आधी घ्यावीत. ती दुरून एक आणि प्रत्येक ओळीचे एक अशी असावीत. खोडांवर रंगाने क्रमांक घालावेत, शेजाऱ्यांच्या सह्यांची यादी करावी, तलाठी व कृषी सहायकांना लेखी कळवून पोच घ्यावी आणि मग साफसफाईला लागावे. बुंधे राहू दिले तर मोजणी नंतरही होऊ शकते.

पंचनाम्यात हमखास सुटणारी झाडे म्हणजे उभी असूनही गेलेली. माडाला आणि पोफळीला वाढीचे टोक एकच असते. वाऱ्याने शेंडा पिळला गेला, तरी झावळ्या काही आठवडे हिरव्या राहतात आणि मग झाड वरून वाळू लागते. पाहणीच्या दिवशी ते निरोगी म्हणून मोजले जाते. अशा झाडांची ‘शेंडा मोडलेली, उभी’ अशी वेगळी संख्या पंचनाम्यात लिहून घ्यावी. पंचनामा न वाचता सही करण्याची आपल्याकडची सवय इथे महाग पडते.

शासकीय मदतीला विम्याची जोड असू शकते, आणि इथे पुन्हा झाड हेच एकक येते. नारळ विकास मंडळाच्या नारळ विमा योजनेत ४ ते १५ वर्षांच्या झाडाला ९०० रुपये आणि १६ ते ६० वर्षांच्या झाडाला १,७५० रुपये विमा संरक्षण आहे. वार्षिक हप्ता अनुक्रमे ९ आणि १४ रुपये. त्यातला निम्मा भार मंडळ, चौथा हिस्सा राज्य शासन आणि उरलेला चौथा हिस्सा शेतकरी उचलतो. म्हणजे मोठ्या माडामागे शेतकऱ्याचे साडेतीन रुपये जातात. आपले राज्य त्या वर्षी योजनेत सहभागी आहे का, एवढी चौकशी हंगामापूर्वी करावी लागते. आंबा-काजूसाठीची हवामानाधारित फळपीक विमा योजना वेगळ्या तत्त्वावर चालते. तिथे भरपाई हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, त्यामुळे कोणत्या केंद्राची नोंद आपल्या मंडळाला लागू आहे हे विमा भरतानाच विचारावे.

मदत मंजूर झाल्यानंतरचा टप्पा कागदावर सोपा आहे. यादी प्रसिद्ध होते, तीत शेतकऱ्याचा विशिष्ट क्रमांक असतो, तो घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात आधारद्वारे ओळख पटवायची आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. प्रत्यक्षात अडते ते बोटांच्या ठशांवर. आयुष्यभर झाडावर चढलेल्या माणसाचे ठसे यंत्राला वाचता येत नाहीत. आधार केंद्रावर बोटांबरोबर डोळ्यांची नोंदही अद्ययावत करून घेणे आणि आधारला मोबाइल क्रमांक जोडणे ही कामे पावसाळ्यापूर्वीची आहेत. जमा झालेली रक्कम कर्जखात्यात वळती करू नये, अशी सूचना मदतीच्या शासन निर्णयांत बहुधा असते. त्या निर्णयाची एक प्रत गावच्या कृषी सहायकाकडे असली, तर बँकेत जाताना ती सोबत नेता येते.