'द नॉर्थमन' का बघायचा?

२२ एप्रिल २०२२ ला रॉबर्ट एगर्सचा 'द नॉर्थमन' अमेरिकेत रिलीज झाला. हा 'द विच', 'द लाइटहाउस'वाला एगर्स.

स्टोरी काय? काकाने बापाला मारलं, राजपुत्र बदला घ्यायला निघाला. ओळखीची वाटली ना? ॲम्लेथची ही दंतकथा डेन्मार्कच्या सॅक्सोने १२०० च्या आसपास लिहिली. त्यातूनच पुढे शेक्सपिअरचा हॅम्लेट आला. आगरकरांनी तो 'विकारविलसित' नावाने १८८३ मध्ये मराठीत आणला. २०१८ मध्ये आपल्या औरंगाबादमधून पुढे गेलेल्या चंद्रकांत कुलकर्णींनी 'हॅम्लेट' पुन्हा मराठी स्टेजवर उभा केला.

पण हॅम्लेट विचारातच अडकतो. सॅक्सोचा ॲम्लेथ मात्र वेड्याचं सोंग घेतो, काकाला मारतो आणि राजा होतो. मग एगर्सचा ॲम्लेथ बदला घेऊन नेमकं काय कमावणार? मला तेच बघायचंय.