अंकल स्क्रूजची काठी आणि आठ बटणं

जुना खेळ, नवी नजर : भाग ६

मागच्या भागात आपण कॅसेट उघडून आतली चिप पाहिली. आज ती कॅसेट यंत्रात खोचून खेळायचं आहे, आणि खेळलेलं टिपून ठेवायचं आहे. त्यासाठी मी ‘डकटेल्स’ निवडला आहे. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी हिंदी बोलणारा अंकल स्क्रूज पाहिलेल्या वाचकांना त्याची निळ्या डगल्यातली, चष्मा लावलेली मूर्ती लगेच आठवेल. कार्ल बार्क्स यांनी १९४७ साली कॉमिकसाठी रेखाटलेलं हे कंजूष बदक १९८७ साली कार्टून मालिकेत आलं. दोनच वर्षांनी, १९८९ मध्ये, जपानच्या कॅपकॉम कंपनीने निन्टेंडोच्या आठ-बिटी यंत्रासाठी त्यावर खेळ काढला. आपल्याकडे ज्याला सरसकट ‘टीव्ही गेम’ म्हणत, ती बहुतेक याच यंत्राची नक्कल असे.

कार्टूनवर बेतलेले खेळ पुष्कळदा नावावर विकले जातात. चित्र ओळखीचं, खेळ मात्र कुठलाही. ‘डकटेल्स’ तसा नाही, आणि त्याचं कारण स्क्रूजच्या हातातली काठी आहे. प्लॅटफॉर्म खेळात एका कड्यावरून दुसऱ्यावर उड्या मारायच्या आणि शत्रूच्या डोक्यावर पाय द्यायचा, ही रीत तोवर रुळलेली होती. इथे म्हातारा उडी मारतो, हवेत असताना आपण खालची दिशा आणि ‘बी’ बटण एकदम दाबून धरतो, की तो काठीवर उभा राहून उसळू लागतो. काट्यांवर पाय पडला तर इजा होते, काठी पडली तर होत नाही. शत्रूच्या टाळूवर काठी आपटली की तो संपतो आणि आपण आणखी वर जातो. म्हातारपणाची खूण असलेली वस्तूच त्याचं बळ होते. हे ज्याला सुचलं, त्याने या पात्राकडे मनापासून पाहिलं होतं.

अ‍ॅमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच जागा आहेत. हव्या त्या क्रमाने निवडायच्या; फक्त खाणीची किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात दडलेली आहे. हिमालयात बर्फात गोठलेला आदिमानव-बदक बब्बा सापडतो आणि शेवटी चंगीझ खानाचा हरवलेला मुकुट मिळतो. पण मला हिमालय आवडतो तो तिथल्या भुसभुशीत बर्फामुळे. त्यावर उसळी घेतली की काठी रुतते आणि म्हातारा अडकून बसतो. तोवर ज्या सवयीने तारलं, तीच इथे घात करते. बोटांना क्षणभर थांबायला शिकवावं लागतं.

हा क्षणभर म्हणजे किती? अमेरिकी यंत्र सेकंदाला साठ चित्रं काढतं. एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंदांचं. प्रत्येक चित्रासाठी यंत्र एकदा विचारतं, कोणकोणती बटणं दाबलेली आहेत? आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीवर सेकंदाला पन्नास चित्रं असत, त्यामुळे साठसाठी बेतलेला खेळ तिथे एक षष्ठांश संथ चाले. तेव्हा हातात बसलेला ताल घेऊन आज मूळ वेगावर खेळायला बसलात, तर उड्या चुकतील. हात बिघडलेला नसतो, लय बदललेली असते.

आता टिपण्याकडे. पहिला मार्ग चित्रीकरणाचा. यंत्राचं चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचं. त्यात एका आडव्या ओळीवर हलत्या चित्रांचे जास्तीत जास्त आठ तुकडे मावतात, प्रत्येक आठ ठिपके रुंद. म्हणजे ओळीचा जेमतेम पाव भाग. स्क्रूज आणि दोन-तीन शत्रू एका पातळीवर आले की नववा तुकडा उमटतच नाही. म्हणून रचनाकार दर चित्रागणिक तुकड्यांचा क्रम फिरवत. या खेपेला याचा तुकडा गळाला, पुढच्या खेपेला त्याचा. काचेच्या जुन्या टीव्हीवर याची लुकलुक दिसे आणि आपला डोळा उरलेलं भरून काढी.

आता हेच दृश्य सेकंदाला तीस चित्रांनी टिपा. एकाआड एक चित्र वगळलं जातं. एकाआड एक लुकलुकणारा शत्रू मग एक तर सतत दिसतो, नाही तर अजिबात दिसत नाही. चित्रफितीत स्क्रूज कशालाही न धडकता मार खाताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटतं, खेळणाराच गोंधळला. यावर उपाय एकच, साठच्या साठ चित्रं घ्यायची. जुनं यंत्र टीव्हीला जोडून टिपत असाल, तर दुसरीही खबरदारी हवी. काही रेकॉर्डिंग कार्डं लागोपाठच्या दोन चित्रांना एकाच चित्राचे दोन अर्धे समजून विणून टाकतात, मग धावत्या स्क्रूजच्या कडेला कंगव्याचे दात उगवतात. ती सोय बंद करावी. उंची तिप्पट करून ७२० ओळींची चित्रफीत केली, तर ठिपके स्वच्छ राहतात. यूट्यूबही साठ चित्रांचा वेग ७२० पासून पुढेच देतं. रुंदीत मात्र प्रत्येक ठिपका थोडा आडवा असतो, आठास सात या प्रमाणात. तो चौकोनी धरला तर स्क्रूज वाळतो.

आणि कार्डातून संगणकावर येणारं चित्र पाहून खेळू नये. ते थोडं मागे असतं. दोन-तीन चित्रांचा उशीरही काठी रुतायला पुरेसा असतो.

दुसरा मार्ग मला अधिक प्रिय आहे. एम्युलेटर, म्हणजे संगणकावर त्या यंत्राचं सोंग हुबेहूब वठवणारा प्रोग्रॅम, चित्र न टिपता फक्त बटणं टिपू शकतो. नियंत्रकावर बटणं आठ, आणि एका बाइटमध्ये बिटही आठ. म्हणजे एका चित्रामागे एक बाइट. दहा मिनिटांच्या खेळाला छत्तीस हजार बाइट लागतात. तीच दहा मिनिटं न आकसवलेल्या चित्रांच्या रूपात ठेवायची तर साडेसहा अब्ज बाइटांहून अधिक जागा हवी. यंत्राची सुरुवातीची स्मृती तीच ठेवली आणि तीच बटणं त्याच चित्रांना दाबली, तर खेळ जसाच्या तसा पुन्हा घडतो. यात दैव नाही. जे यदृच्छेने झाल्यासारखं वाटतं, तेही मोजदादीतून आणि आपल्या दाबण्यातूनच आलेलं असतं.

भातखंड्यांनी बंदिशी स्वरलिपीत उतरवल्या, त्याची इथे आठवण येते. फरक मोठा आहे. स्वरलिपीतून गायकाचा गळा निसटतो, तो ऐकायला ध्वनिमुद्रिकाच लागते. बटणांच्या या लिपीतून हात निसटत नाही. कुठे कचरला, कुठे घाईने उडी मारली, सगळं तिच्यात आहे.

खेळाच्या संगीतातही तो हात उमटतो. हिरोशिगे टोनोमुरा यांनी रचलेली चंद्राची धून या यंत्रावरच्या सर्वात लाडक्या धुनांपैकी एक आहे. यंत्रात आवाजाच्या वाहिन्या पाचच : दोन चौकोनी लहरींच्या, एक त्रिकोणी, एक खरखरीची आणि एक नमुना-ध्वनीची. उडीचा किंवा फटक्याचा आवाज हवा, की तो यांतलीच एखादी वाहिनी तेवढ्यापुरती बळकावतो आणि सुरावटीतला एक पदर तिथे तुटतो. म्हणजे खेळता खेळता ऐकलेली ती धून दोघांची सारखी नसते. आपण कुठे उडी मारली, ते तिच्या गाळलेल्या जागांत ऐकू येतं.

या आठवड्यात मी हिमालयातला माझा खेळ दोन्ही प्रकारे टिपला. बटणांची फाइल छत्तीस हजार बाइटांहूनही लहान झाली, कारण सात मिनिटांतच माझे सगळे जीव संपले. ती पुन्हा लावली. स्क्रूज बर्फाच्या काठाशी आला, उसळी घेण्याऐवजी उभा राहिला. वीस-बावीस चित्रं काहीच घडलं नाही, फायलीत ओळीने शून्यं. मग ‘ए’ दाबलं गेलं आणि तो साध्या उडीने बर्फापलीकडे गेला.