पीचीबाईंची शिष्यवृत्ती

मुंबईत ‘कामा’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. सीएसएमटीपासून हाकेच्या अंतरावरच्या या इस्पितळात ज्यांचे जन्म झाले अशी माणसे मुंबईच्या प्रत्येक चाळीत सापडतील. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी लाखाहून अधिक रुपयांची देणगी दिली म्हणून नाव त्यांचे लागले, आणि ते रास्तच आहे. पण इस्पितळ उभे राहत असताना त्याची धुरा वाहायला इंग्लंडहून आलेल्या डॉ. एडिथ पीची आज कुणाच्या स्मरणात नाहीत. मुंबईत पाऊल ठेवण्याआधी एका विद्यापीठाने या बाईंना शिकवले होते, परीक्षेत वरचा क्रमांक दिला होता आणि मग दाराबाहेर काढले होते.

ते विद्यापीठ एडिंबराचे. मार्च १८६९ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक या तरुणीने तिथे वैद्यक शिकण्यासाठी अर्ज केला. प्राध्यापकांच्या सभेने तो मंजूरही केला. पण वरच्या मंडळाने तो फेटाळला आणि कारण असे दिले की एकट्या बाईसाठी विद्यापीठाला वेगळी व्यवस्था करता येणार नाही. एकटीची अडचण असेल तर आणखी जणी आणते, म्हणून सोफियाने ‘द स्कॉट्समन’मधून हाक दिली. त्या हाकेला ओ देणाऱ्यांत एडिथ होती. एसेक्समधल्या एका बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाची ही मुलगी तेव्हा शिक्षिकेचे काम करून पोट भरत होती. वडील याच एडिंबराचे एम.ए. आणि आई ग्रीक शिकलेली, त्यामुळे पुस्तकांचे वेड घरातूनच आलेले. आपल्याला एवढी तयारी झेपेल का, अशी शंका तिने सोफियाला पत्रातून कळवली होती. पुढे झालेल्या परीक्षांनी त्या शंकेला चोख उत्तर दिले.

प्रवेश मिळाला, पण अटींसह. बायकांचे वर्ग वेगळे भरावेत. प्राध्यापकांना त्यांना शिकवण्याची मुभा राहील, सक्ती नाही. विद्यार्थिनी मूठभर, म्हणून शुल्क पुरुषांपेक्षा जास्त. थोडक्यात, शिक्षकही त्यांनीच शोधायचे आणि खर्चही त्यांनीच उचलायचा. तरीही प्रवेश परीक्षेला बसलेल्या १५२ जणांत बायका होत्या पाच, आणि पहिल्या सातांत त्यांतल्या चौघी आल्या. नोव्हेंबर १८६९ मध्ये त्यांची विद्यापीठाच्या पटावर नोंद झाली. पुढे आणखी दोघी मिळाल्या आणि इतिहासात त्या ‘एडिंबराच्या सातजणी’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या.

१८७० च्या रसायनशास्त्राच्या परीक्षेची हकीकत मात्र सावकाश सांगावी अशी आहे. या विषयात ‘होप शिष्यवृत्ती’ होती. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चौघांना ती मिळे आणि तिच्या जोरावर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत मोफत काम करता येई. एडिथच्या वर जे दोन विद्यार्थी होते ते हा अभ्यासक्रम दुसऱ्यांदा करणारे, म्हणून नियमाने अपात्र. म्हणजे पहिला हक्क एडिथचा. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी तिला डावलून शिष्यवृत्ती तिच्या खालच्या मुलांना दिली. त्यांचे म्हणणे असे की बायका वेगळ्या तासाला शिकल्या, तेव्हा त्या विद्यापीठाच्या वर्गात मोडतच नाहीत. वेगळा तास कुणी ठरवला होता? विद्यापीठानेच. शिवाय याच कारणाने बायकांना नेहमीची प्रमाणपत्रे द्यायलाही त्यांनी नकार दिला.

प्रकरण प्राध्यापकांच्या सभेत गेले. तिथे एका मताच्या फरकाने ठरले की प्रमाणपत्रे द्यावीत. आणि एकाच मताच्या फरकाने असेही ठरले की शिष्यवृत्ती देऊ नये. पहिला ठराव खरा धरला तर त्या वर्गातल्या होत्या, दुसरा खरा धरला तर नव्हत्या. एका बैठकीत ही कसरत विद्वानांनाच जमू शकते. वर आणखी एक गोष्ट. ज्या प्रा. थॉमस होप यांच्या नावाने शिष्यवृत्ती होती, त्यांनी सुमारे चाळीस वर्षांपूर्वी खास स्त्रियांसाठी रसायनशास्त्राची व्याख्याने दिली होती आणि त्या तिकिटांच्या पैशांतूनच हा निधी उभा राहिला होता. पैसा बायकांचा, पण तो घेण्याचा अधिकार बाईला नाही.

वर्तमानपत्रांनी हा विषय उचलला. एडिथचे नाव गाजले आणि विरोधकांचे पित्तही खवळले. १८ नोव्हेंबर १८७० रोजी दुपारी शरीररचनेच्या परीक्षेसाठी त्या सर्जन्स हॉलपाशी पोहोचल्या तेव्हा शेदोनशे जणांचा जमाव रस्ता अडवून उभा होता. शिव्यांचा आणि चिखलाचा मारा झाला, तोंडावर फाटक आपटले गेले. आतल्या एका विद्यार्थ्याने ते उघडले म्हणून त्या आत शिरल्या. परीक्षा चालू असताना कुणीतरी दालनात मेंढी सोडली. तिला राहू द्या, तिला आत ढकलणाऱ्यांपेक्षा तिलाच अक्कल जास्त आहे, असे शिकवणारे डॉ. हँडीसाइड म्हणाले. परत जाताना काही आयरिश विद्यार्थ्यांनी या बायकांभोवती कडे केले आणि त्यांना घरी पोहोचवले.

दंग्याचे सूत्रधार म्हणून प्रा. क्रिस्टिसन यांच्या एका साहाय्यकाकडे सोफियाने बोट दाखवले, तर त्याने तिच्यावरच अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने त्याला भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. खटल्याचा नऊशे पौंडांहून अधिक खर्च मात्र सोफियाच्या बोडक्यावर बसला. हितचिंतकांनी वर्गणी काढून तो फेडला.

यानंतर पदवीच्या हक्कासाठी विद्यापीठाविरुद्ध कोर्टकचेऱ्या. १८७२ मध्ये निकाल बायकांच्या बाजूने लागला. १८७३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो सात विरुद्ध पाच मतांनी फिरवला आणि सांगितले की मुळात यांना प्रवेश देण्याचाच अधिकार विद्यापीठाला नव्हता. चार वर्षे फुकट गेली. या साऱ्या काळात बाईला बुद्धी नाही असे विद्यापीठाने एकाही ठरावात लिहिले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तसे म्हटले असते तर गुणपत्रिका पुढे करता आली असती. नियमाच्या आडून आलेल्या नकारापुढे गुणपत्रिका काय करणार?

१८७४ मध्ये लंडनला स्त्रियांसाठी वैद्यकीय विद्यालय निघाले. १८७६ च्या कायद्याने परीक्षा मंडळांना स्त्रियांची परीक्षा घेण्याची मोकळीक मिळाली आणि डब्लिनचे मंडळ पुढे आले. एडिथने जानेवारी १८७७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न विद्यापीठाची एम.डी. घेतली आणि त्याच वर्षी डब्लिनचा परवाना. लीड्समध्ये तिचा जमही बसला होता.

इकडे मुंबईत जॉर्ज किट्रिज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली यांनी स्त्रियांच्या औषधोपचारासाठी निधी उभारला होता. पुरुष डॉक्टरला नाडी दाखवण्यापेक्षा दुखणे अंगावर काढणाऱ्या बायका घरोघरी होत्या. इस्पितळ हवे आणि त्याचा कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती हवा, अशी त्यांची धारणा. डिसेंबर १८८३ मध्ये पीचीबाई मुंबईत उतरल्या. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या तेही याच वर्षी. ग्रँट मेडिकल कॉलेजचे दार मुलींना उघडले ते या निधीच्या पाठपुराव्यामुळे. १८८६ मध्ये कामा सुरू झाले. बाईंनी हिंदुस्तानी शिकून घेतली, परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली आणि स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतका पगार मिळावा म्हणून आग्रह धरला.

पती दादाजी भिकाजींनी लावलेल्या खटल्यात ‘नांदायला जा, नाहीतर तुरुंगात’ असा निकाल ऐकलेल्या रखमाबाईंना डॉक्टर व्हायचे होते. त्यांना इंग्लंडला पाठवण्यासाठी मदत मिळवून देणाऱ्यांत पीचीबाई पुढे होत्या. रखमाबाई १८८९ मध्ये लंडनच्या त्याच विद्यालयात दाखल झाल्या. त्याच साली पीचीबाईंनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस हर्बर्ट फिप्सन यांच्याशी लग्न केले. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे त्या सोसायटीच्या संस्थापकांपैकी. मुंबई तेव्हा इतकी लहान होती! १८९० मध्ये बाईंनी मुंबईच्या हिंदूंपुढे बालविवाहाविरुद्ध जाहीर भाषण केले. परक्या बाईने आमच्या घरात नाक खुपसू नये म्हणणारे तेव्हाही होतेच.

नाशिकजवळ त्यांनी आणि फिप्सन यांनी बायकामुलांसाठी आरोग्यधाम काढले. ते १९६४ पर्यंत चालले. मुंबई विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री म्हणूनही त्यांची नोंद आहे. एका विद्यापीठाच्या सभेने एका मताच्या फरकाने ज्यांना डावलले, त्या दुसऱ्या विद्यापीठाच्या सभेत मत द्यायला बसल्या.

प्रकृतीच्या कारणाने १८९४ मध्ये त्यांनी कामा सोडले. १९०५ मध्ये त्या मायदेशी परतल्या आणि १९०७ मध्ये लंडनच्या चिखलातून निघालेल्या मताधिकाराच्या मोर्चात चालल्या. कर्करोगासाठी त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली ती मे थॉर्न यांनी, सातजणींपैकी इझाबेल थॉर्न यांच्या मुलीने. १४ एप्रिल १९०८ रोजी त्या वारल्या.

जुलै २०१९ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने सातही जणींना मरणोत्तर वैद्यकीय पदव्या दिल्या आणि आजच्या विद्यार्थिनींनी त्या स्वीकारल्या. समारंभ देखणा झाला. फक्त पदव्या मानद होत्या. ज्यांनी शुल्क भरले, परीक्षा दिल्या आणि गुण मिळवले, त्यांना मानाची नव्हे, हक्काची पदवी द्यायला हवी होती.