जुना मोबाईल आणि वाटाण्याचा अंकुर

रोप वाढतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु तें वाढतांना कोणीं पाहिलें आहे काय? कुंडीसमोर तासभर टक लावून बसलें तरी पान जागचें हललेलें दिसत नाहीं, आणि चार दिवसांनीं पाहावें तों तेंच रोप वीतभर उंच झालेलें असतें. ही मंद गति डोळ्यांस दिसावी म्हणून जी युक्ति योजितात तिला टाइम-लॅप्स चित्रण म्हणतात. ठराविक अंतरानें एकेक छायाचित्र घ्यावयाचें आणि मग तीं सर्व चित्रें भराभर एकामागून एक दाखवावयाचीं, एवढेंच तिचें रहस्य. महाराष्ट्राला ही युक्ति नवी नाहीं. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडनहून कॅमेरा आणिला आणि 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वीं कुंडींत वाटाणे पेरून, महिन्याहून अधिक काळ त्यांची वाढ टिपून, 'अंकुराची वाढ' हा लहानसा चित्रपट तयार केला. त्यांचा कॅमेरा हातानें फिरवावयाचा होता. अर्थात् चित्रें घेणाऱ्यास कुंडीपासून फार काळ दूर राहतां येत नसे.

आज हेंच काम घरांत पडून असलेला जुना स्मार्टफोन करूं शकतो. त्याची कांच तडकली असली तरी चालते. कॅमेरा शाबूत असला म्हणजे झालें. 'ओपन कॅमेरा' नांवाच्या विनामूल्य ॲपमध्यें ठराविक अंतरानें आपोआप चित्र घेण्याची सोय आहे. दर दहा मिनिटांस एक चित्र धरिलें तर दिवसाचीं १४४ व तीस दिवसांचीं ४३२० चित्रें होतात. रात्रींचीं अंधारीं चित्रें वगळून निम्मीं उरलीं, आणि तीं सेकंदास २४ या वेगानें दाखविलीं, तर महिन्याची वाढ दीड मिनिटांत डोळ्यांपुढून सरकते.

हा हिशेब मांडून आम्हीं गेल्या दिवाळीच्या सुटींत प्रयोगशाळेच्या खिडकींत कुंडी ठेविली. पाण्यासाठीं बाटलींतून सुताची वात सोडली, समोर फोन बसविला, चार्जर लाविला आणि निश्चिंत मनानें घरीं गेलों. सुटी संपल्यावर येऊन पाहतों तों वेल काठीला वेढे घालून वर गेलेला, आणि त्याच्यासमोर आमचा फोन मृतवत् पडलेला! आंत चित्रें निघालीं तीं अवघ्या दोन दिवसांचीं. शिपाईमामांनीं प्रत्येक सुटींत करितात त्याप्रमाणें विजेचें मुख्य बटण बंद केलें होतें. त्यांचा कांहींच दोष नव्हता. त्यांस सांगून ठेवण्याचें आम्हांसच सुचलें नव्हतें. आम्हांपैकीं दोघांचीं घरें शाळेपासून पांच मिनिटांच्या वाटेवर आहेत. त्या रात्रीं कळतें तर एकही दिवस गेला नसता. पण कळणार कसें?

असा अनुभव केवळ मुलांसच येतो असें नव्हे. जेम्स बालोग या अमेरिकन छायाचित्रकारानें २००७ सालीं हिमनद्यांचें वितळणें टिपण्यासाठीं ग्रीनलंड, आइसलंड, अलास्का येथें कॅमेरे उभे केले. आरंभीं त्यांतील कांहीं बंद पडले, आणि हें समजलें तें पुन्हां त्या ठिकाणीं गेल्यावर. हुकलेला दिवस पुन्हां उगवत नाहीं. म्हणून अशा कामांत चित्र घेण्याइतकेंच, चित्रें निघत आहेत कीं नाहींत हें दुरून पाहत राहणें महत्त्वाचें आहे.

दुरून पाहावें कसें? प्रथम आम्हीं म्हटलें, कांहीं बिघडल्यास फोननेंच संदेश धाडावा. परंतु बंद पडलेला फोन संदेश धाडणार कसा? तेव्हां आम्हीं उलट रीत धरिली. सर्व ठीक असतांनाच त्यानें रोज सकाळीं सात वाजतां तसें कळवावें, आणि तो गप्प राहिला तर कांहीं तरी बिघडलें असें समजावें. परगांवीं गेलेल्या मुलाचें पत्र ठरल्या दिवशीं आलें नाहीं म्हणजे आईच्या मनांत जें येतें, तेंच हें. 'मॅक्रोड्रॉइड' सारख्या ॲपांकडून अशीं वेळेवरचीं कामें करवून घेतां येतात.

रोजच्या संदेशांत आम्हीं चार गोष्टी मागितल्या. पहिली, बॅटरी किती टक्के भरली आहे. ती उतरूं लागली कीं वीज गेली असें समजावें. दुसरी, बॅटरीचें तापमान. उन्हांत सतत चार्जरवर राहिलेली बॅटरी तापते व कालांतरानें फुगते, आणि फुगलेली बॅटरी धोक्याची असते. तिसरी, मोकळी जागा. एक चित्र ३ एमबीचें धरिलें तर महिन्यास सुमारें १३ जीबी लागतात, आणि १६ जीबीच्या जुन्या फोनमध्यें तितकी जागा उरत नाहीं. चौथी, शेवटचें चित्र. कारण फोन जागा असूनही वीज वांचविण्याच्या नादांत कॅमेऱ्याचें ॲप परस्पर बंद करितो, म्हणून त्या ॲपास ही बचत लागू न करण्याची आज्ञा आधींच द्यावी लागते.

पालकांसाठीं एक सूचना येथें अवश्य केली पाहिजे. दूरच्या फोनचा पडदा आपल्या फोनवर दाखविणारीं व तो चालवूं देणारींही ॲप आहेत. परंतु अशाच ॲपांच्या द्वारें भोळ्या लोकांचे पैसे लुबाडले गेले आहेत. जुन्या फोनला सुरक्षिततेच्या नव्या सुधारणाही बहुधा मिळत नाहींत. म्हणून त्यांत बँकेचें ॲप, घरचीं छायाचित्रें अथवा नेहमींचें खातें ठेवूं नये. कॅमेऱ्याचें तोंड कुंडीकडेच असावें. जाणारेयेणारे त्यांत टिपले जाऊं नयेत.

जूनमध्यें आम्हीं दुसरा वाटाणा पेरिला. सहाव्या दिवशीं तापमान ४४ अंश असें आलें. शिपाईमामांस विनंति करून आम्हीं फोनवर सावली करविली. अकराव्या दिवशीं सात वाजले, सव्वासात झाले, तरी संदेश नाहीं. आमच्यांतील एकजण धांवत शाळेंत गेला. फोन सुखरूप होता. वायफायची पेटी तेवढी बंद पडली होती. मौन आपलें कारण सांगत नाहीं. उठून जाऊन पाहा, इतकेंच तें सांगतें.

स्नेहसंमेलनांत तो दीड मिनिटांचा चित्रपट दाखविला गेला. माती फोडून अंकुर वर आला, मान सरळ करून त्यानें पानें उघडलीं, आणि त्याचा कोंवळा तंतु हवेंत गोल फिरत फिरत काठी शोधूं लागला. तंतूला काठी सांपडली त्या क्षणीं सभागृहांत टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेंत शिपाईमामा बसले होते. या वेळीं विजेच्या मुख्य बटणावर, हात लावूं नये अशी चिठ्ठी त्यांनींच चिकटविली होती.